नामिबियातली ट्रॉफी शिकार: कोटा कोण ठरवतं, पैसा कोणाच्या हाती पडतो, आणि शिंगं भारतात आणता येतात का?

बांधावरचा (प्रश्न)

रानडुकरं आणि रोह्यांनी (नीलगायींनी) केलेल्या पीकनुकसानीवर विदर्भात बैठक झाली की कोणीतरी हमखास म्हणतं, "नामिबियासारखं करा. परदेशी शिकारी डॉलर देतील, गावाला पैसा मिळेल आणि जनावरंही टिकतील." विरोधात बोलणारे शिकारबंदी असलेल्या केनियाकडे बोट दाखवतात. पण तिथला कारभार नेमका कसा चालतो हे दोन्ही बाजूंपैकी कोणी सांगत नाही. एक टिपण तयार करतोय, त्यासाठी हे हवं आहे:

किती नर मारायचे हा आकडा कुठून येतो आणि त्यावर सही कोणाची? शिकाऱ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणते परवाने घ्यायचे? पैसा आणि मांस कोणाला? कातडं-शिंगं देशाबाहेर कशी जातात, आणि भारतीय माणूस ती घरी आणू शकतो का? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे बिघडतं कुठे?

शिकार बरी की वाईट यावर इथे भरपूर धागे आहेत. मला पद्धत समजून घ्यायची आहे.

कुनेनेची_वाट

सुरुवात मालकीपासून करायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

नामिबियात 1975 चा निसर्गसंवर्धन अध्यादेश आहे. त्यात पुरेसं कुंपण असलेल्या खासगी शेतमालकाला ठरावीक प्राण्यांवर मालकी मिळाली: ओरिक्स, कुडू, स्प्रिंगबॉक ही हरणं, वॉर्टहॉग हे रानडुक्कर वगैरे. ही मालकी बहुतांशी गोऱ्या शेतकऱ्यांच्या वाट्याला आली. सामुदायिक जमिनीवर राहणाऱ्यांच्या हाती तसलं काही नव्हतं. 1996 च्या दुरुस्तीने तोच हक्क त्यांनाही दिला, अट एवढीच की त्यांनी कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यजीव सांभाळणारी गावाची संस्था, नोंदवावी. नोंदणीसाठी शेजाऱ्यांनी मान्य केलेली हद्द, सभासदांची यादी, निवडलेली समिती, घटना आणि मिळकतीच्या वाटपाची योजना लागते. 1998 मध्ये पहिल्या चार नोंदल्या गेल्या, आज 86 आहेत. देशाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी जमीन त्यांच्याखाली येते.

आता आकडा कसा ठरतो. कॉन्झर्व्हन्सीचे स्वतःचे राखणदार असतात. ते वर्षभर एका ठरलेल्या वहीत नोंदी ठेवतात: कुठे कोणता प्राणी दिसला, कुठे मेलेला सापडला, कुठे गुरं मारली, कुठे फासे मिळाले. वायव्येकडच्या कोरड्या भागात याच्या जोडीला दरवर्षी ठरलेल्या रस्त्यांवरून गाडीने गणना होते. दोन्हींवरून समिती प्रस्ताव करते, आणि मंजुरी देतं ते पर्यावरण, वने व पर्यटन मंत्रालय. मंत्रालय आकडा खाली आणू शकतं आणि दुष्काळात आणतंही. म्हणजे गाव मागतं, सरकार सही करतं.

या कोट्यात फक्त ट्रॉफीची (शिंगं-कातडं आठवण म्हणून न्यायची) जनावरं नसतात. गावाच्या मांसासाठीची, मांस विकण्यासाठीची आणि जिवंत पकडून विकायची जनावरंही त्याच आकड्यात बसवायची असतात. ट्रॉफीचे नर त्यातला लहानसा भाग.

शिकाऱ्याच्या बाजूने बघितलं तर तो स्वतः काहीच करू शकत नाही. ट्रॉफी शिकारीला नोंदणीकृत व्यावसायिक सोबत असावाच लागतो. त्यात दर्जे आहेत: स्वतःच्या शेतापुरता मार्गदर्शक, त्यावरचा मास्टर मार्गदर्शक, आणि कुठेही शिकार चालवू शकणारा व्यावसायिक शिकारी. धनुष्यबाणाचं वर्गीकरण वेगळं. परवान्याचा अर्ज हाच माणूस करतो, शिकारीच्या आधी आणि पाहुण्याच्या नावाने. "आधी मारू, मग कागद" असा प्रकार तिथे थेट गुन्हा ठरतो. ट्रॉफीचा हंगाम 1 फेब्रुवारी ते 30 नोव्हेंबर. एका पाहुण्याला वर्षात एका जातीचे जास्तीत जास्त दोन. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्ताच्या अर्ध्या तासानंतरपर्यंत.

बंदुकीचा नियम ऊर्जेवर आहे. नळीतून बाहेर पडताना गोळीत किमान 1,350 ज्यूल स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावरांसाठी, 2,700 ज्यूल कुडू-ओरिक्ससाठी, आणि 5,400 ज्यूल हत्ती, आफ्रिकी रानरेडा किंवा गेंड्यासाठी. पिस्तूल आणि स्वयंचलित शस्त्रं चालत नाहीत. स्वतःची रायफल आणणाऱ्याला विमानतळावर पोलिसांकडून तात्पुरता आयात परवाना घ्यावा लागतो, काडतुसं फक्त त्याच रायफलीच्या बोअरची आणता येतात. अनुक्रमांकातला एक आकडा चुकला तरी रायफल तिथेच अडकते. म्हणून बरेच जण तिथेच भाड्याने घेतात.

पैशाचं असं: कॉन्झर्व्हन्सी आणि शिकार चालवणारी कंपनी यांच्यात करार असतो. प्रत्येक जनावराचा दर ठरलेला, पैसे कॉन्झर्व्हन्सीच्या खात्यावर. मांस गावाचं. न्याए-न्याए भागातल्या सान आदिवासींसाठी एका हत्तीचं मांस ही रकमेइतकीच मोठी गोष्ट असते. पर्यटनातून जास्त रोजगार मिळतो, पण लॉज उभं राहून चालायला वर्षं लागतात. शिकारीचं उत्पन्न नोंदणीनंतर लगेच सुरू होतं. शिवाय जिथे रस्ता नाही, देखावा नाही, गाडीभर पर्यटक कधीच येणार नाहीत, अशा ठिकाणी तेवढाच एक आधार असतो.

मीठ_आणि_शिक्का

पुढचा टप्पा माझा. गोळी झाडली जाते त्या क्षणी ट्रॉफीचं निम्मं काम उरलेलं असतं, आणि बहुतेक नुकसान याच निम्म्यात होतं.

आधी कातडं. आफ्रिकेतल्या दुपारी दोन-तीन तासांत जिवाणू केसांच्या मुळाशी पोचतात आणि केसांचे पुंजके हातात येऊ लागतात. एकदा ते सुरू झालं की कोणताही कारागीर काही करू शकत नाही. म्हणून त्याच दिवशी सोलायचं, चरबी-मांस खरवडायचं, कान उलटे करायचे, ओठ चिरून उघडायचे, नाकपुड्या आणि पापण्या पातळ करायच्या. मीठ बारीक हवं. खडे मीठ घड्यांमध्ये शिरत नाही. साधारण कातड्याच्या वजनाइतकं मीठ चोळायचं, गुंडाळून उतारावर ठेवायचं म्हणजे पाणी निथळतं. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवं लावायचं. वाळवायचं सावलीत. उन्हात टाकलं की चरबी वितळून कातडं जळतं, आणि ते कमावताना फाटतं.

शिंगांचं वेगळं. कुडू-ओरिक्सच्या शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो, त्यावरचं टोपण शिजवून सोडवावं लागतं. ते न करता पेटीत भरलं तर आत कुजतं, अळ्या पडतात, आणि उतरत्या बंदरावरचा पशुवैद्य अख्खी पेटी थांबवतो. कवटीवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावतात, पण शिंगांना लागू द्यायचं नाही, रंग उडतो. लाकडी पेटीवर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. शिक्का नसलेल्या एका फळीमुळेही माल अडतो.

आता साइटीस, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार. यादी एकचा (सर्वांत कडक यादी) प्राणी असेल तर दोन परवाने लागतात, आणि क्रम महत्त्वाचा: आधी आयात करणाऱ्या देशाचा, मग त्यावर निर्यात करणाऱ्या देशाचा. यादी दोनला निर्यात परवाना पुरतो, पण कित्येक देशांनी स्वतःची आणखी अट घातलेली आहे. निर्यात परवाना सहा महिने चालतो, आयात परवाना बारा. हेतूच्या रकान्यात शिकार-ट्रॉफीचा संकेत, स्रोताच्या रकान्यात जंगली जनावराचा. हेतू "व्यक्तिगत" लिहिला तर कागद परत.

बिबट्याचं कातडं असेल तर त्यात एकदा लावल्यावर न उघडणारी पट्टी असते. तिच्यावर देश, वर्ष आणि कोट्यातला क्रमांक, उदाहरणार्थ 250 पैकी 37. नामिबियाचा वार्षिक बिबट्या कोटा 250 आहे. पट्टीवरचा आणि परवान्यावरचा क्रमांक जुळला नाही तर पुढचं काही बघितलंच जात नाही. एका आयातदाराला वर्षात दोनपेक्षा जास्त बिबट्याची कातडी नाहीत.

नवख्यांची ठरलेली चूक सांगतो. कुडू, ओरिक्स, स्प्रिंगबॉक साइटीस यादीत नाहीत. मग वाटेत दिसलं म्हणून माकड मारतात, कॅराकल मारतात, डोंगरी झेब्रा मारतात. सगळी माकडं आणि जवळपास सगळ्या जंगली मांजरी यादीत आहेत. मैदानी झेब्रा यादीत नाही, पण नामिबियातला हार्टमन डोंगरी झेब्रा यादी दोनमध्ये आहे. ओळख पोटाकडे पाहून पटते: डोंगरी झेब्र्याचं पोट पांढरं, पट्टे तिथवर येत नाहीत, आणि गळ्याखाली लोंबती घडी असते. शिकार-सूचीत नुसतं "झेब्रा" लिहिलं की निर्यातीच्या वेळी गोंधळ ठरलेला.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: यादीबाहेरच्या जनावरालाही मत्स्य व वन्यजीव सेवेचं 3-177 क्रमांकाचं घोषणापत्र भरावंच लागतं, आणि ठरावीक बंदरांतूनच आणता येतं. वॉर्टहॉग डुकराच्या कुळातला, त्यामुळे कच्चं कातडं थेट घरी येत नाही, कृषी विभागाने मान्य केलेल्या पेंढा भरणाऱ्याकडेच जातं. त्याचं नाव-पत्ता पेटीच्या कागदांवर आधीच लागतो. युरोपीय संघात 2015 पासून सहा प्राण्यांना वेगळा आयात परवाना लागतो: आफ्रिकन हत्ती, दक्षिणी पांढरा गेंडा, पाणघोडा, सिंह, अरगली मेंढा आणि ध्रुवीय अस्वल.

बांधावरचा

दोघांचेही मनापासून आभार, हे टिपणात जसंच्या तसं घेण्याजोगं आहे. दोन शंका. काळ्या गेंड्याचे लाखो डॉलर गावाला मिळतात का? आणि पाकिस्तानातल्या मारखोर या डोंगरी रानबोकडाचं उदाहरण नामिबियाच्या जवळचं आहे की वेगळं?

कुनेनेची_वाट

गेंड्याचा पैसा थेट गावाला जात नाही. 2004 मध्ये बँकॉकच्या साइटीस परिषदेत नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेला वर्षाला प्रत्येकी 5 काळे गेंडे मंजूर झाले. 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेसाठी नियम बदलून एकूण संख्येच्या 0.5 टक्के आणि फक्त प्रौढ नर असा केला. नामिबियाच्या एका परवान्याचा जानेवारी 2014 मध्ये डॅलसला लिलाव झाला, साडेतीन लाख डॉलरला. शिकार झाली मे 2015 मध्ये, कारण मधला काळ अमेरिकेच्या आयात परवान्यात गेला. असा पैसा 1997 च्या कायद्याने स्थापलेल्या गेम प्रॉडक्ट्स ट्रस्ट फंडात जमा होतो आणि तिथून राखण, गणना, मानव-वन्यजीव संघर्ष यांवर खर्च होतो. पिल्लं देण्याचं वय उलटलेला, इतर नरांना आणि प्रसंगी पिल्लांनाही मारणारा म्हातारा नर निवडायचा, ही यामागची जीवशास्त्रीय बाजू.

तोरघर

मारखोर जवळचंही आहे आणि वेगळंही.

बलुचिस्तानातल्या तोरघर डोंगरात 1980 च्या दशकाच्या मध्यात पठाण टोळीप्रमुखांनी हे सुरू केलं. आपल्याच माणसांना राखणदार नेमलं, इतरांनी शिकार थांबवायची, आणि मोजक्या परदेशी शिकाऱ्यांच्या फीतून पगार द्यायचा. पुढे चित्राल आणि गिलगिट-बाल्टिस्तानातही असंच झालं. मारखोर यादी एकमध्ये आहे. 1997 मध्ये साइटीसने पाकिस्तानला वर्षाला 6 ट्रॉफी दिल्या, 2002 मध्ये 12 केल्या. एका माणसाला वर्षात एकच.

परवाने सरकार लिलावात काढतं आणि रकमेतला 80 टक्के वाटा समुदायाला, 20 टक्के सरकारला. सगळा डोलारा या वाट्यावर उभा आहे. परवान्यांची संख्या कमी असल्यानेच भाव चढतो, आणि अलीकडे एकेका परवान्याला अडीच लाख डॉलरच्या वर बोली गेली आहे. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत मारखोर "संकटग्रस्त"मधून "संकटासमीप"मध्ये आला.

शिंगांवरच्या वार्षिक खाचा मोजून वय काढतात. हिवाळ्यात माजाच्या दिवसांत म्हातारे नर खाली उतरतात, त्यामुळे दुर्बिणीतून निवड करता येते. अडचण अशी की टोळीचा हिस्सा खात्यात उशिरा आला तर राखणदारांचे पगार थकतात, आणि मग दुसऱ्या हिवाळ्यात कोण डोंगरावर चढणार?

मारखोर आपल्या काश्मीरमध्येही आहे, काझिनाग आणि हिरपोराकडे. तिथे अर्थातच शिकार नाही.

अनुसूची_वाचक

भारतात आणण्याबद्दल. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यातही शिकारीचे परवाने होते, मोठं जनावर, लहान जनावर अशा वर्गवारीने. ते 1991 च्या दुरुस्तीने पूर्ण गेले. वाघाची शिकार त्याआधीच, 1970 मध्ये बंद झाली होती. तोवर परदेशी शिकारी पैसे मोजून मध्य भारतातल्या जंगलांत येत होते, जंगलाचे शूटिंग ब्लॉक पाडून परवाने दिले जात होते. तेव्हा हा प्रकार आपल्याला परका नाही. फक्त त्या पैशातला वाटा गावाला नव्हता.

2022 च्या दुरुस्तीने साइटीस कायद्यातच आलं, 1 एप्रिल 2023 पासून लागू. चौथ्या अनुसूचीत साइटीसच्या जाती आहेत. लोक चुकतात ते इथे: आफ्रिकेतला बिबट्या आणि ताडोबातला बिबट्या ही एकच जात. तीच गोष्ट सिंहाची आणि चित्त्याची. या तिन्ही जाती आपल्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत. "हा नामिबियातला आहे, कागद पक्के आहेत" एवढ्यावर भिंतीवर कातडं लावता येत नाही. आयात हस्तिदंताचा व्यापारही 1991 च्या दुरुस्तीने बंद केला.

कुडूसारखं यादीबाहेरचं जनावर असलं तरी परकीय व्यापार धोरण आणि पशु-क्वारंटाइन असे दोन चाप आहेतच. माल तिकडून निघण्याआधी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातल्या साइटीस व्यवस्थापन प्राधिकरणाला लेखी विचारा आणि उत्तर हातात येईपर्यंत पेटी हलवू नका. मुंबई बंदर-विमानतळासाठी वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोचं पश्चिम विभागीय कार्यालय नवी मुंबईत आहे. सीमाशुल्कवाले त्यांना बोलावतात. सामानात शिंग गुंडाळून आणणं हा सर्वांत वाईट मार्ग: जप्ती होतेच, वर सीमाशुल्क कायदा आणि वन्यजीव कायदा दोन्ही लागतात.

हद्दीचा_दगड

"बिघडतं कुठे" यावर अजून कोणी बोललं नाही, आणि माझ्या मते टिपणाचा जीव तोच आहे.

पहिली जागा म्हणजे हद्द. कोटा एका भूभागाचा असतो, जनावर चालतं. 2015 मध्ये झिंबाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला सेसिल सिंह उद्यानाबाहेरच्या जमिनीवर मारला गेला, आणि त्या जमिनीला सिंहाचा कोटाच नव्हता असा आरोप झाला. उद्यान सरकार राखतं आणि कडेला बसलेला माणूस नर घेतो, अशी ती रचना. त्यात उद्यानाच्या आतल्या कळपांतले नर कमी होत जातात, कारण रिकाम्या जागेत आतला पुढचा नर येतो आणि तोही जातो.

दुसरी जागा वय. सिंहात टोळीचा जवान नर मारला की नवा नर येऊन पिल्लं मारतो. म्हणून टांझानियात सहा वर्षांखालचा सिंह मारायचा नाही असा नियम आला. वय ओळखायची सोपी खूण नाकाचा शेंडा: कोवळ्या नराचा गुलाबी, वय वाढेल तसे काळे ठिपके वाढतात, निम्म्याच्या वर काळा झाला की पाच-सहा वर्षांच्या पुढचा. संध्याकाळच्या उजेडात, आमिषावर वाकलेल्या सिंहाचं नाक दुर्बिणीतून नीट दिसत नाही, आणि पाहुण्याचे एकवीस दिवस संपत आलेले असतात. तिथे मार्गदर्शक "नको" म्हणू शकला पाहिजे. चूक झाली तर पुढच्या वर्षी कोटा कापला जातो, या भीतीनेच तो म्हणतो.

तिसरी, "उपद्रवी जनावर". हे ट्रॉफीच्या कोट्याबाहेर जाहीर होतं, आणि तेवढ्यासाठीच पळवाट बनू शकतं. नामिबियात जून 2019 मध्ये व्होरट्रेकर नावाने ओळखला जाणारा वाळवंटी हत्ती उपद्रवी ठरवून मारला गेला, परवाना शिकाऱ्याला विकला होता. मंत्रालय म्हणालं नुकसान होत होतं, आसपासच्या काही कॉन्झर्व्हन्सींनी विरोध केला. नेमकं कोणत्या हत्तीने टाकी फोडली हे रात्रीच्या पाऊलखुणांवरून ठरवायचं असतं, आणि मोठ्या सुळ्यांचा हत्ती विकला जातो लवकर. विदर्भात असं काही सुचवणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

चौथी, दूरच्या देशाचा निर्णय. 2014 मध्ये अमेरिकेने झिंबाब्वे आणि टांझानियातल्या हत्ती-ट्रॉफींची आयात थांबवली, तेव्हा तिथल्या गावांनी काहीही केलेलं नव्हतं, तरी गिऱ्हाईक गेलं. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाने 2015 मध्ये सिंहाच्या ट्रॉफींना दार बंद केलं. ब्रिटनचं बंदी विधेयक 2023 मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं, वरच्या सभागृहात अडकून बारगळलं. बोत्स्वानाने 2014 मध्ये स्वतःच शिकार बंद केली, 2019 मध्ये पुन्हा उघडली. तिथे एक लाख तीस हजारांच्या आसपास हत्ती आहेत आणि शेतकऱ्यांची नाराजी टोकाला गेली होती. केनियात 1977 पासून बंदीच आहे. तिथेही जनावरं घटली, त्यामुळे नुसत्या बंदीचं उदाहरण म्हणून केनिया देणाऱ्यांनी जपून द्यावं.

कुनेनेची_वाट

हद्दीचा_दगड यांचा तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. नामिबियातल्या लोकांशी बोलताना हीच दुखरी जागा निघते.

दुष्काळाची गल्लतही टाळा. ऑगस्ट 2024 मध्ये नामिबियाने 723 जनावरं मारायचं जाहीर केलं, त्यात 83 हत्ती आणि 300 झेब्रे. ती मांसासाठीची आणि चाऱ्यावरचा ताण कमी करायची मोहीम होती. आपल्याकडच्या बैठकांत ही मोहीम आणि ट्रॉफी शिकार एकत्र सांगितली जाते.

आता विदर्भापुरतं. रानडुक्कर किंवा रोही मारायला परदेशातून कोणी मोठी रक्कम मोजणार नाही. नामिबियातही रक्कम येते ती मुख्यतः हत्ती, रानरेडा, बिबट्या आणि लांब शिंगांच्या हरणांवर. पण बाजारभाव बाजूला ठेवला तरी कायद्याचा पाया उलटा आहे. आपल्याकडे कलम 11 खाली उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देऊ शकतो. पण मारलेलं जनावर कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता. मांस शेतकऱ्याचं नाही, कातडं नाही, विक्री नाही. कुनेनेत (नामिबियाच्या वायव्य भागात) ओरिक्स पडला की गावातली माणसं पातेली घेऊन ट्रकपाशी येतात, समितीचा माणूस वजनकाट्यावर वाटे पाडतो आणि वहीत कुटुंबाच्या नावापुढे सही घेतो. टिपणात तुलना करायचीच असेल तर 1996 ची ती दुरुस्ती आणि आपलं कलम 39 शेजारी-शेजारी ठेवा.

बांधावरचा

ठेवतो. कलम 39 कडे मी अजिबात पाहिलं नव्हतं. डोंगरी आणि मैदानी झेब्र्यातला फरकही घेतो, कोट्याच्या कागदावर जातीचं नाव किती नेमकं लागतं हे त्याने लगेच समजतं.